सोन्याचा हंडा आणि सातबारा

उत्खनन सुरू झालं की आठवड्याच्या आत गावात दोन बातम्या फिरू लागतात. एक म्हणजे सोन्याचा हंडा निघाला आणि साहेबलोकांनी तो रातोरात नागपूरला नेला. दुसरी म्हणजे आता आजूबाजूची सगळी वावरं सरकारजमा होणार. दोन्ही बातम्या एकाच पानठेल्यावर, पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतात. आम्ही खड्ड्यात बसून ब्रशने माती झाडत असतो, आणि वर काठावर उभा असलेला माणूस एका डोळ्याने हंडा शोधत असतो, दुसऱ्याने आपला धुरा, म्हणजे वावराचा बांध.

मी विद्यापीठात पुरातत्त्व शिकवते. विभागाच्या वतीने खेड्यांतल्या शाळांत जायचं, मुलांना आणि गावकऱ्यांना त्यांच्याच शिवारातल्या जागा दाखवायच्या, हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. कागदोपत्री त्याला विस्तार कार्य म्हणतात. विद्यापीठाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती यायची असली की या कार्याला एकदम तेज चढतं. बॅनर छापले जातात, गाड्या निघतात, मुलांच्या रांगेमागे प्राध्यापकांची रांग उभी राहते, फोटो निघतो आणि शाळेची खिचडी शिजायच्या आत सगळे परत. असल्या भेटींतून गावाला काय मिळतं हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. माझं मत विचाराल तर हंडा आणि सातबारा या दोन गोष्टींवर न बोलता जो गावात 'वारसा जपा' म्हणून सांगतो, त्याने घरीच बसावं. पेट्रोल तरी वाचेल.

आधी हंड्याचं. नागपूरभोवतीच्या टेकड्यांवर, मुरमाड पडीत जमिनींवर शिलावर्तुळं आहेत. गुडघाभर, कुठे कुठे कमरेएवढे काळे दगड गोलात मांडलेले आणि आत दगडगोट्यांचा नि मातीचा भराव. ही लोहयुगातल्या माणसांची दफनं, सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची. जुनापाणीच्या परिसरातच तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्यावर लिहिलं, १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं, आणि पुढे शां. भा. देव यांच्या काळात टाकळघाट-खापा, महुरझरी, नायकुंड अशा जागा एकामागून एक उकलत गेल्या. आत निघतात माणसांची हाडं, तीही बरेचदा अर्धीमुर्धी. मडकी. लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर. तांब्याच्या वस्तू, अकीकाचे मणी. सोन्याचा एखादा बारीक दागिना क्वचित मिळतो, अगदीच मिळत नाही असं नाही, आणि तेवढ्या 'क्वचित'वर सगळा धंदा चालतो.

धंदा म्हणजे गुप्तधनाचा. वर्तुळाच्या बरोब्बर मध्यावर पहारीने खणलेला खड्डा, काठाला सुकलेली लिंबं, कुंकू, अगरबत्तीच्या जळक्या काड्या, हे दृश्य या भागात काम करणाऱ्याला नवं नाही. अमावास्येच्या आसपासची गोष्ट असते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार त्यात बसतात. पण रात्री टेकडीवर कायदा कुठून येणार? खणणाऱ्यांना शेवटी मडकीच सापडतात, आणि ती रागाने फोडलेली असतात. आम्हाला मग सकाळी खापऱ्यांचा ताजा ढीग मिळतो. कोणत्या थरात काय होतं, माणूस कुठे नि मडकं कुठे ठेवलं होतं, हे सगळं एका रात्रीत पुसलेलं. मुलांना मी हे खड्डे मुद्दाम दाखवते. दुसरीकडे नजर वळवून 'पाहा किती प्राचीन' म्हणण्यात अर्थ नसतो, कारण खड्डा कोणी खणला हे पुष्कळदा त्या मुलांना माझ्याआधी ठाऊक असतं.

सातबाऱ्याचं प्रकरण जास्त नाजूक आहे. भीती बिनबुडाची म्हणून झटकून टाकावी, तर ती तशी नाही. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे, आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते. नागपूर जिल्ह्यातली काही शिलावर्तुळं त्या यादीत आहेत. ताजमहालासाठी जो नियम, तोच पऱ्हाटीच्या वावराशेजारच्या दगडांसाठी. शेतकऱ्याला तिथे महाल बांधायचा नसतो; एखादा गोठा, एखादी खोली, पोराचं लग्न जमलं तर आणखी दोन खोल्या. यादीतल्या जागेजवळ ती निळी पाटी उभी असते. पाटीवर दंड आणि कैद लिहिलेली असते, दगड कोणाचे आणि कशाचे ते बहुधा नसतंच. सरकारने या विषयावर गावाशी केलेलं एकमेव बोलणं म्हणजे ती पाटी, आणि ते बोलणं दमदाटीचं. तिच्यावर म्हशी अंग घासतात यात मला काही वावगं वाटत नाही.

म्हणून गावात बसले की इतिहासाच्या आधी मी जमिनीचं सांगते. बहुतेक वर्तुळं आणि जवळजवळ सगळ्या पांढऱ्या, म्हणजे जुन्या गावठाणांची टेकाडं, कुठल्याच यादीत नाहीत. उत्खनन केलं म्हणून जमीन जात नाही. खणायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, मालकाची संमती लागते, काम झालं की खड्डे बुजवून द्यायचे असतात. संरक्षित घोषित करणं ही वेगळी प्रक्रिया, तिची आधी अधिसूचना निघते, हरकत घेता येते. हे सगळं मी फळ्यावर लिहिते. विभागातल्या काहींना हे आवडत नाही; आपण काय तलाठी आहोत का, असं ते म्हणतात. पण एकदा हे बोलून झालं की मगच लोकांची तोंडं उघडतात. एका गावात अशा बैठकीनंतर एक म्हातारे शेतकरी मागे रेंगाळले. 'सांगतो तुमाले ताई, पण वावराचं नाव लिवू नका.' घरी नेऊन त्यांनी माळ्यावरून फडक्यात बांधलेली लोखंडी कुऱ्हाड काढली. गंजून पापुद्रे सुटलेली, तरी आडव्या पट्ट्यांची घडण स्पष्ट होती. वडिलांच्या हातून विहीर खणताना निघालेली. वडील असेपर्यंत आणि नंतरही ती माळ्यावरच राहिली, कारण दाखवली तर पोलीस येतील आणि विहीर बुजवायला लावतील असा धाक. १८७८ चा कायदा आजही लागू आहे, जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवा असं तो सांगतो. दहा रुपयांत आता कट चहा येतो. त्या कुऱ्हाडीची किंमत किती धरायची हे कलेक्टरलाही सांगता आलं नसतं. पण ती कुठल्या विहिरीत, किती हातांवर निघाली, हे म्हाताऱ्यांनी हाताने मापून दाखवलं, आणि आम्हाला खरं हवं होतं ते तेच.

शाळेत जाताना माझ्याबरोबर पत्र्याची एक पेटी असते. तिच्यात खापऱ्या, दोनचार मणी, लोखंड गाळताना उरलेल्या मळाचे गोळे, एक फुटकी वीट. कुठून आले याची नोंद नसलेले हे तुकडे, म्हणजे अभ्यासाला निकामी, हाताळायला मोकळे. सुरुवातीला आमच्याकडे स्लाइड होत्या. मोहेंजोदडोचं स्नानगृह, अजिंठ्याची लेणी, आणि वर्गात लोडशेडिंग. पेटीला वीज लागत नाही. मुलांना हातात द्यायचं आणि गप्प बसायचं, ही पद्धत मला एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी शिकवली. 'मॅडम, तुमी सांगू नका, पोट्ट्यायलेच पाहू द्या' म्हणाले. गुरुजींना मतदार यादी, पोषण आहार आणि रोजची ऑनलाइन माहिती यांतून जो काही वेळ उरतो त्यातला ते आम्हाला देतात, त्यामुळे त्यांचं ऐकावंच लागतं.

विदर्भातल्या लोहयुगीन मडक्यांत एक प्रकार असतो, मातीत अभ्रक मिसळलेल्या तांबड्या भांड्यांचा. तुकडा सावलीत मळकट दिसतो. खिडकीशी धरला की अंगभर बारीक चांदणं उठतं. 'मॅडम, हे चमकून राह्यलं!' असं एक मूल ओरडतं आणि सगळा वर्ग खिडकीशी. 'चांदी होय का जी?' हा प्रश्न ठरलेला. इथे माझी खरी परीक्षा असते. अभ्रक आहे, किंमत शून्य, असं म्हटलं की चेहरे पडतात. म्हणून मी विचारते, हे मातीत आपोआप आलं का कुणी घातलं? मग मुलं नदीच्या रेतीत चमक असते इथपासून सुरू होतात आणि भांडं चुलीवर तडकू नये म्हणून मातीत काय काय घालतात इथवर येतात. घरात कोणी ना कोणी चुलीला पोतेरं घालणारी असते, लिद आणि भुसा मातीत का मिसळतात हे त्यांना पाठ असतं.

दुसरा तुकडा काळ्या-तांबड्या भांड्याचा. आतून काळा, काठ काळा, बाहेरून खाली तांबडा. हे कसं झालं, दोन रंग लावले का, असं विचारलं की बहुतेक वर्ग हो म्हणतो. एका शाळेत कुंभाराच्या घरची सातवीतली मुलगी होती. तिने तुकडा घेतला, उलटा धरला, ओंजळीत जमिनीवर पालथा घातला आणि म्हणाली, 'आव्यात असं उबडं ठेवलं असन. खाली दबलं त्याले हवा नाई भेटली, ते काळं निंगालं.' एम.ए.च्या पहिल्या वर्षाला हाच मुद्दा शिकवायला मला एक तास लागतो, आणि तरी परीक्षेत 'काळा रंग लावला' असं लिहिणारे निघतातच. आव्यातली हवा अडली की भांडं काळं, खेळती राहिली की तांबडं. पालथ्या भांड्याचा आतला भाग आणि राखेत रुतलेला काठ काळा राहतो. त्या मुलीच्या घरी आता मडकी फक्त उन्हाळ्यात आणि अक्षय्य तृतीयेला होतात. बाकी वर्षभर वडील वीटभट्टीवर.

लोखंडाचा मळ घेऊन मी एकदा गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात गेले होते. मालक मूळचे लोहार. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठच्या नायकुंडला १९७७ ते १९८० च्या उत्खननांत लोखंड गाळायची भट्टी निघाली, विटांची, वारा घालायला मातीच्या नळ्या, भोवती मळाचे ढीग. या भागात लोखंड बाहेरून येत नव्हतं, इथेच गाळलं जात होतं, हे त्यावरून कळलं. एवढं ऐकून घेत त्यांनी माझ्या हातातला गोळा घेतला, तळहातावर उडवून तोलला आणि म्हणाले, 'लय लोखंड राह्यलं यात. भाता कमी पडला त्यायचा.' बरोबर होतं. त्या भट्ट्यांत लोखंड पाण्यासारखं वितळत नसे. स्पंजासारखा लगदा निघायचा, तो ठोकून ठोकून मळ बाहेर काढायचा, आणि पुष्कळसं लोखंड मळातच वाया जायचं. प्रयोगशाळेत हे टक्केवारीने सांगतात. ते तोलून सांगत होते. मी त्यांना दुसऱ्या दिवशी शाळेत बोलावलं. ते आले, आणि मुलांनी माझ्यापेक्षा त्यांना जास्त प्रश्न विचारले. आमच्या अहवालांत अशा माणसांची नावं येत नाहीत. खड्ड्यात काम करणाऱ्या बायांचीही नाहीत. खुरपी चालवताना 'इथली माती मऊ लागून राह्यली' असं त्या म्हणतात तेव्हा तिथे हमखास जुना खड्डा असतो, पुन्हा भरलेला. मग आम्ही त्याला नंबर देतो आणि शोध आमच्या नावावर लागतो.

पांढरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण वर्तुळांना निदान दगड तरी असतात. जुन्या गावठाणांची राखाडी, भुसभुशीत टेकाडं म्हणजे पांढरी. शेकडो वर्षांच्या चुलींची राख, पडक्या भिंती, शेण, हाडं यांची ती माती. काळ्या वावरात घातली की पीक चांगलं येतं, आणि भिंत सारवायला तिच्यासारखी माती नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात बंड्या भरभरून पांढरी वाहिली गेली. पुरातत्त्ववाल्यांनी याला विध्वंस म्हणायची रीत आहे. बंडीने होता तोवर तो फार तर ओरखडा होता. आता ट्रॅक्टरची ट्रॉली आणि जेसीबी, एका हंगामात अख्खं टेकाड सपाट होतं. एका रिठी, म्हणजे ओस पडलेल्या गावाजवळच्या वस्तीत आम्ही घरोघर हिंडत होतो तेव्हा एका आजींनी माझ्या पिशवीतली गोल घासलेली खापरी उचलली. आमच्या अहवालांत अशा चकत्यांची मोठी यादी असते, इंग्रजीत त्यांना 'हॉपस्कॉच' या मुलींच्या खेळाच्या नावाने नोंदतात. आजी म्हणाल्या, 'हे तं बिल्लसचं खापर होय वं. आमी असंच घासू घासू गोल करो.' मग माझा हात धरून घराच्या मागच्या भिंतीशी नेलं. मातीची भिंत, पावसाने धुपलेली. जागोजागी खापऱ्यांच्या कडा डोकावत होत्या, एक काळीतांबडी, एक जाड रांजणाची, आणि वितभर खाली शंखाच्या बांगडीचा तुकडा. 'माह्या भितीत पाय, पोरी. तुमचं सारं सामान हाये.' मी फोटो काढला. माझ्या विद्यार्थ्याने विचारलं, नोंद कशी करायची, थर कोणता लिहू? आजींनी भिंत बांधल्याचं साल सांगितलं, थोरला पोरगा झाला ते.

वर्तुळं पाहायला जायचं तर दसरा उलटल्यावर, गवत वाळलं की. पावसाळ्यात गवत दगडांहून उंच असतं आणि साप असतात. अडचण अशी की जागतिक वारसा सप्ताह येतो १९ नोव्हेंबरला, सगळे कार्यक्रम त्यातच बसवायचे, आणि नेमका तेव्हा कापूस वेचणीचा जोर. निम्मी मुलं वावरात. वारशाचा सप्ताह ठरवणाऱ्यांनी पऱ्हाटी पाहिली नसावी. आम्ही डिसेंबरात जातो आणि अहवालात नोव्हेंबर लिहितो, हे आता सांगायला हरकत नाही.

टेकडीवर मुलांना दोर, खुंटी आणि टेप द्यायचा. वर्तुळ मोजा. सोपं वाटतं, मग भांडण सुरू होतं: दगडाच्या आतल्या बाजूने मोजायचं की बाहेरच्या? मधल्या मध्याने म्हटलं तर मध्य कुठला, दगड एकीकडे कललेला. एका गटाचा व्यास उत्तर-दक्षिण बारा मीटर चाळीस, पूर्व-पश्चिम बारा मीटर पंच्याण्णव. 'गोल नाईच हे,' एक मुलगा निकाल देतो. गणिताच्या सरांना इथे स्फुरण चढतं. परिघ दोराने मोजून व्यासाने भागा म्हणतात आणि बावीस सप्तमांशाच्या जवळपास काहीतरी येतं की सगळे टाळ्या पिटतात. जुनापाणीच्या काही वर्तुळांत दगडांवर वाटीसारखे बारीक खळगे कोरलेले आहेत. ते ठरावीक दिशांना आहेत का, त्यांचा आकाशाशी काही संबंध असावा का, यावर टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या खगोलशास्त्रज्ञांनीही काम केलं आहे. हे सांगितलं की मुलं आपल्या वर्तुळातला एकेक दगड चाचपतात. बहुतेक वेळा खळगे निघतात ते पावसाने किंवा गुराख्यांनी केलेले. तरी चाचपणं सुरूच असतं.

महुरझरीचं मी नेहमी शेवटी सांगते. तिथल्या काही दफनांत माणसाबरोबर घोडा पुरलेला होता, आणि घोड्याच्या डोक्यावर घालायचा तांब्याचा साज निघाला. मण्यांचा मोठा कारखानाही महुरझरीचाच, पण घोड्यापुढे मण्यांना कोण विचारतं. नागपूरकडच्या पोरांना साज म्हटलं की एकच गोष्ट आठवते. 'म्हंजे त्यायचा घोड्याचा पोळा होता!' बाशिंग, झूल, मठाटी, शिंगांचा रंग, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, सगळं एका दमात बाहेर येतं. तेवढ्यात कुणीतरी विचारतं, घोडा आपल्यानं मेला का मारला? मारला असावा, असं मी सांगते. मग पोळ्याशी बरोबरी चालत नाही हे त्यांचं तेच ठरवतात. बैलाला पोळ्याला कोणी हात लावत नाही. मालक मेला तर घोड्याची काय चूक, यावर परतीच्या वाटेभर वाद चालतो.

कथांचं काय करायचं, हा प्रश्न मोठ्यांच्या बैठकीत निघतो. वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर रुक्मिणीचं माहेर. तिथून पालखी पंढरपूरला जाते. १९६० च्या दशकात मो. गं. दीक्षितांनी तिथे खणलं तेव्हा प्राचीन वस्तीचे थर निघाले. रुक्मिणीचा वाडा निघाला का, हे तेव्हाही लोकांनी विचारलं असणार, आजही विचारतात. मी सांगते, वस्ती फार जुनी आहे, एवढं जमिनीतून कळतं. रुक्मिणी जमिनीतून कळत नाही, ती पालखीतून कळते. काही जणांना हे पटतं, काही जण उठून जातात. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा अनुभव वेगळा. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडीवर विटांचा स्तूप उघडा केला. दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली सापडली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत या स्तूपांबद्दल जी ओढ आहे ती आमच्या कुठल्याही विस्तार कार्यातून आलेली नाही. गावातल्या विहारात बसलेले काकाजी पवनी, मनसर, भोन ही नावं आणि कुठे काय निघालं ते मला धडाधड सांगतात, आणि माझी एखादी तारीख चुकली तर दुरुस्त करतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या भोनचा विटांचा स्तूप जिगाव प्रकल्पाच्या बुडिताच्या सावटाखाली आहे हे त्यांना वर्तमानपत्राच्या कात्रणासकट ठाऊक असतं. अशा ठिकाणी 'जनजागृती' करायला जाणं म्हणजे जाग्या माणसाला हलवून उठवणं. पण तिथेही कधीकधी ऐकायला येतं की प्रत्येक टेकाड स्तूपच आहे आणि तुम्ही लपवता. दुसऱ्या वस्तीत तेच टेकाड देवळाचं असतं, तिसऱ्यात गवळ्याच्या गढीचं. सगळ्यांना मी एकच सांगते की खणल्याशिवाय मी बोलणार नाही, आणि सगळेच माझ्यावर सारखेच नाराज होतात. हे मी चांगलं लक्षण समजते.

नाराजीचा एक मुद्दा मात्र मला बिनतोड वाटतो. वस्तू जातात कुठे? नागपूरला, पुण्याला. अजब बंगला १८६३ पासून आहे, तिथे काही पाहायला मिळतं, बाकी पेट्यांमध्ये. अहवाल निघतो तो इंग्रजीत, कधी दहा वर्षांनी, कधी निघतच नाही, आणि ज्या गावाचं नाव त्याच्या मुखपृष्ठावर असतं त्या गावात त्याची एक प्रत नसते. चौथीला शिवाजी महाराज, सहावीला हडप्पा. शाळेच्या खिडकीतून दिसणारी टेकडी कुठल्याच इयत्तेला नाही. वस्तू गावात ठेवा असं मी म्हणणार नाही, शाळेच्या छताची गळती मी पाहिलेली आहे. पण मराठीत आठ पानं, काय निघालं, कधीचं, कोणाच्या वावरात, कोणी खणलं, आणि चार ठळक वस्तूंचे फोटो, एवढं तर खड्डा बुजवायच्या आधी देता येतं. त्याला ना निधी लागतो ना परवाना. आम्ही आता देतो. झेरॉक्सवरचं असतं, फोटो काळे येतात, तरी पानठेल्यावर त्याची पारायणं होतात, आणि हंड्याची बातमी निदान त्या गावात तरी थोडी लंगडी पडते.

जमिनीच्या बातमीचं तसं नाही. समृद्धी महामार्ग हिंगण्याजवळूनच सुरू होतो, नागपूर चहूबाजूंनी वाढतंय, मुरमाला भाव आहे आणि मुरमाड टेकाडाला ले-आऊटवाल्याचा भाव त्याहून जास्त. एकराचे पैसे ऐकले की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तीन हजार वर्षांचे दगड तसेच राहू द्या, असं ज्याला सांगायचं त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे आणि सोयाबीन पिवळं पडलंय. त्याला मी काय देऊ शकते? प्रमाणपत्र. ते मी द्यायचं बंद केलं आहे. त्याऐवजी शाळेला एक जाड रजिस्टर दिलं. गावाच्या शिवारातलं प्रत्येक वर्तुळ, प्रत्येक टेकाड, त्याचा गट नंबर, मालकाचं नाव मालक हो म्हणाला तरच, दगड किती, व्यास किती, मध्ये खड्डा आहे का, असल्यास नवा की जुना. मुलं शनिवारी सकाळची शाळा सुटली की जातात. उद्या टेकाड मुरमात गेलंच तर निदान ते होतं एवढं लिहिलेलं राहील. एका ग्रामसभेत मुरमाचा ठराव चालू असताना सरपंचबाईंनी शाळेतून ते रजिस्टर मागवलं होतं. ठराव झाला, पण खाण शंभर पावलं पलीकडे सरकली. पलीकडची जमीन सरपंचबाईंच्या चुलत दिराची होती, हेही सांगायला हवं.

रजिस्टर नववीतला एक मुलगा सांभाळतो. त्याचा फोन येतो तो बहुधा रात्री, वडील वावरातून आले आणि मोबाइल मोकळा झाला की. परवा म्हणाला, मॅडम, एका वर्तुळाचे सात दगड एकाच्या वावरात आहेत, चार त्याच्या शेजाऱ्याच्या, आणि एक बरोबर धुऱ्यावर. तो कोणाच्या नावावर लिहू? दोघांचीही नावं लिही म्हटलं. तर म्हणे, त्यायचं आपसात बोलणं नाई, मोजणीची केस चालू हाये, आन तोच दगड खुणेचा धरला हाये. मग रकान्यात धुरा असंच लिही, म्हटलं. त्याने लिहिलं, आणि विचारलं की मोजणीवाल्या साहेबांना हे पान दाखवलं तर चालेल का, कारण दगड तिथे पहिल्यापासून आहे याचा पुरावा दोन्ही पार्ट्यांना पाहिजे.